पान्हा फुटतो तेव्हा आजूबाजूला कोण असतं?

नाशिक रोडला जेल रोडवर, उपनगरात किंवा सिन्नर फाट्याकडच्या नव्या इमारतींत मध्यरात्री एखाद्याच खिडकीत दिवा दिसतो. आत चार दिवसांचं बाळ रडत असतं, आई पलंगाच्या कडेला अवघडून बसलेली असते, आणि घरातलं कोणीतरी अगदी काळजीपोटी म्हणतं, ‘‘तुझं दूध पुरत नाहीये गं याला. वरचं देऊन बघायचं का?’’

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरीही हे वाक्य कानावर पडलं की त्या आईच्या शरीरात एक बदल होऊ शकतो, आणि तो मोजता येतो. १९४८ साली अमेरिकेत तो मोजलाही गेला.

नाइल्स न्यूटन या मानसशास्त्रज्ञ होत्या आणि तेव्हा स्वतःच्या सात महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजत होत्या. पती मायकेल न्यूटन डॉक्टर. दोघांनी मिळून हा प्रयोग स्वतः नाइल्स यांच्यावरच केला. काही दिवस त्यांनी बाळाला निवांत पाजलं. काही दिवस पाजताना त्यांना मुद्दाम त्रास दिला गेला: पाय बर्फाच्या पाण्यात, पायाची बोटं दुखेपर्यंत ओढायची, नाहीतर गणितं घालून उत्तरं मागायची. पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन केलं, म्हणजे पोटात किती दूध गेलं ते कळे. निवांत दिवशी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं. त्रासाच्या दिवशी ते ९९ ग्रॅमवर आलं. मग तोच सगळा त्रास कायम ठेवून आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा आकडा पुन्हा १५३ वर गेला.

म्हणजे दूध आटलं नव्हतं. ते स्तनात होतंच, बाहेर येत नव्हतं.

दूध तयार होणं आणि दूध येणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन निघतं, ते दूध तयार करतं. त्याच वेळी ऑक्सिटोसिनही निघतं. ते दुधाच्या इवल्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतं आणि दूध पुढे ढकलतं. हाच पान्हा. बाळाच्या नुसत्या आठवणीनं, शेजारच्या घरातलं बाळ रडलं तरीही, पान्हा फुटू शकतो. आणि भीती, वेदना, ताण, अपमान यांनी तोच पान्हा काही वेळ अडतो. स्नायू, ग्रंथी, नसा सगळं जागच्या जागी असूनही खोलीतल्या माणसांच्या वागण्याप्रमाणे दुधाची धार कमीजास्त होते, ही मला शरीरशास्त्रातली फार थक्क करणारी गोष्ट वाटते.

आता त्या रात्रीच्या वाक्याकडे पुन्हा पाहू. आई धास्तावते, पान्हा उशिरा फुटतो, बाळ चिडतं. मग बाटली येते. पोट भरलेलं बाळ पुढच्या वेळी अंगावर कमी ओढतं. दूध साचून राहिलं की स्तनाला संदेश जातो की एवढ्या दुधाची गरज नाही. मग उत्पादन खरोखरच घटतं. ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य पहिल्या दिवशी बहुतेक वेळा चुकीचं असतं. महिनाभर ऐकवत राहिलं की ते खरं होऊन बसतं.

दूध पुरतंय की नाही, हे ओळखायला रडणं ही फार कच्ची खूण आहे. पहिला आठवडा सरत आला की बाळ दिवसरात्र मिळून सहा वेळा किंवा जास्त लघवी करत असेल आणि जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघत असेल, तर दूध पुरतं आहे. दिवसाकाठी आठ ते बारा वेळा पिणं हे नवजात बाळाचं नेहमीचं वेळापत्रक आहे. दर दोन तासांनी मागतं म्हणून ते उपाशी ठरत नाही.

या दुधात काय असतं, तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक घट्ट, पिवळसर आणि मोजून काही चमचेच असतो. नवजात बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं. पूर्वी अनेक घरांत हा चीक पिळून टाकून द्यायचे आणि बाळाला मध किंवा घुटी चाटवायचे. प्रत्यक्षात चिकात रोगप्रतिकारक प्रथिनं खच्चून भरलेली असतात, ती बाळाच्या आतड्याला आतून अस्तर लावतात. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचा, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

त्याहून विलक्षण म्हणजे हे दूध त्या त्या गावचं असतं. आईच्या आतड्यात किंवा श्वासमार्गात एखादा जंतू शिरला की तिथल्या काही पेशी त्याला ओळखून रक्तावाटे स्तनापर्यंत जातात आणि नेमक्या त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दुधात सोडू लागतात. बिटको चौकात रिक्षात बसताना, देवळाली गावच्या बाजारात भाजी निवडताना, रेल्वे स्थानकाच्या गर्दीत आईच्या अंगावर जे जंतू येतात, त्यांच्यावरचा बंदोबस्त बाळाच्या पुढच्या दुधात येऊ लागतो. दुसऱ्या गावाला राहायला गेली तर तिचं दूधही तिथलं होतं.

दुधात शेकडो प्रकारच्या गुंतागुंतीच्या साखरा असतात. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर त्यांचाच क्रमांक लागतो, आणि गंमत अशी की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या उपकारक जीवाणूंसाठी. आई एकाच घोटात बाळाला आणि त्याच्या पोटातल्या त्या सूक्ष्म कुटुंबालाही जेवू घालते. या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणी असतं, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही.

बाळही रिकाम्या हातानं येत नाही. जन्मल्या जन्मल्या त्याला पुसून आईच्या उघड्या पोटावर ठेवलं तर ते पाय मारत, थांबत, पुन्हा सरकत स्तनापर्यंत पोहोचू शकतं. वाट दाखवायला वास असतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आईचा एक स्तन धुतला आणि दुसरा तसाच ठेवला. ३० पैकी २२ बाळांनी न धुतलेला निवडला.

हे सगळं इतकं उपजत आहे, तर मदत कशाला लागते? कारण बाळाची ओढ उपजत असली, तरी त्याला नीट धरणं आईला शिकावं लागतं. आणि हे पाहून शिकायचं काम आहे. एकत्र घरात, वाड्यात वाढणारी मुलगी मावशीला, काकूला, वहिनीला पाजताना बघत मोठी व्हायची. नाशिक रोड हे नोकरीनं वसवलेलं गाव: नोटांचा छापखाना, सिक्युरिटी प्रेस, रेल्वे, एकलहऱ्याचं वीज केंद्र, तोफखान्याचं केंद्र. खानदेशातून, विदर्भातून, बिहारमधून, केरळातून माणसं इथे आली आणि क्वार्टर्समध्ये, फ्लॅटमध्ये राहू लागली. आज इथल्या कितीतरी तरुण मुलींच्या हातात येणारं पहिलं तान्हं बाळ त्यांचं स्वतःचंच असतं. माहेरी बाळंतपण झालं तर सव्वा महिना आई असते, शेक असतो, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असतात. मग दार बंद होतं आणि दोघंच उरतात.

इथे एक साधी बाई येते आणि फरक पडतो. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंचा नवजात बाळासाठीचा कार्यक्रम बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट. पहिली भेट तिसऱ्या दिवशी असण्याला अर्थ आहे. वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. नेमकी तेव्हाच ती दवाखान्यातून घरी आलेली असते. स्तन दगडासारखे होतात, बाळाच्या तोंडात बसत नाहीत, आई रडकुंडीला येते.

जाणती ताई त्या वेळी काय करते ते जवळून पाहा. आधी आईच्या पाठीला उशी लावते, खांदे सैल सोडायला सांगते. बाळाचं डोकं, मान आणि पाठ एका रेषेत आणते, पोट आईच्या पोटाला भिडवते. स्तनाग्र बाळाच्या वरच्या ओठाला हलकेच लावते आणि थांबते. बाळ जांभईसारखा मोठा आ करतं, त्या क्षणी आईकडे ओढून घेते. मग तपासते: हनुवटी स्तनाला टेकली का, खालचा ओठ बाहेर उलटला का, भोवतालचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतोय का, गाल खोल जात नाहीत ना. नुसतं स्तनाग्र तोंडात असेल तर दुखतं, चिरा पडतात आणि दूध नीट येत नाही. पकड जमली की आधी भरभर ओढणं होतं, मग पान्हा येतो, आणि खोल, सावकाश घोट ऐकू येऊ लागतात. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम, पण पुढचे सहा महिने त्यावर उभे असतात.

अशा मदतीचा परिणाम मोजलेला आहे. ढाक्यात शेजारपाजारच्याच बायकांना थोडं प्रशिक्षण देऊन नव्या आयांकडे वारंवार पाठवलं. पाचव्या महिन्यात फक्त अंगावरच पाजणाऱ्या आया त्यांच्या गटात ७० टक्के होत्या, भेटी न मिळालेल्या गटात ६ टक्के. हा अभ्यास २००० साली छापून आला. त्याच्या वर्षभर आधी मेक्सिको सिटीचा अभ्यास आला होता. तीन महिन्यांच्या बाळाला फक्त अंगावर पाजणाऱ्यांचं प्रमाण भेटी नसताना १२ टक्के, तीन भेटींनी ५० टक्के आणि सहा भेटींनी ६७ टक्के. एखाद्या नव्या औषधानं एवढा फरक केला असता तर जगभर गाजावाजा झाला असता.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं उभी केली. गावातल्याच आरोग्यदूत बायका पाजायला मदत, ऊब, श्वास आणि जंतुदोषावरचे उपचार सांभाळत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आशाताईंच्या भेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम याच अनुभवावर उभा राहिला. स्तनपानाचा पुरस्कार करणारं देशव्यापी जाळं, ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’, डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालं. पुढच्याच वर्षी बाळाच्या दुधाच्या भुकटीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा देशात आला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्या आईला जास्त दूध येतं तिचं दूध निर्जंतुक करून दुसऱ्या आईच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दिलं जातं. दोघी एकमेकींना कधी भेटतही नाहीत.

एसटी स्थानकांवरच्या पाजण्याच्या खोलीला आपण हिरकणी कक्ष म्हणतो. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणी गवळणीची कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. तिच्या धैर्याचं कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झालं. पण प्रश्न बंद दरवाजाचाही आहे, आणि आजचे दरवाजे म्हणजे कामाच्या जागा. मुंबई प्रांताचा मातृत्वलाभ कायदा १९२९ चा. त्यावरच्या चर्चेत १९२८ साली विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक आहे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळतात. पण घरकाम करणारी, द्राक्षबागेत जाणारी, बांधकामावर विटा वाहणारी बाई या रजेच्या बाहेरच राहते. तिच्यासाठी दरवाजा अजून बंदच आहे, आणि तो उघडणं हे तिच्या धैर्याचं काम नाही, आपलं आहे.

काही आयांना आजारपणामुळे, औषधांमुळे किंवा अन्य कारणानं पाजता येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं वरचं दूध देणारी आई कुठेही कमी पडलेली नाही. तिलाही तेवढाच आधार हवा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशात जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्के निघाली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी फक्त आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. उरलेल्या सगळ्या आयांना दूध येत नव्हतं असं कोणतंही शरीरशास्त्र सांगत नाही. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींजवळ योग्य वेळी योग्य माणूस नव्हतं.

तुमच्या इमारतीत, गल्लीत बाळ आलं असेल तर बघायला जाताना एक डबा घेऊन जा. आईला आधी जेवू घाला, पाणी द्या, तासभर झोपू द्या. मोठं मूल बागेत फिरवून आणा, धुणं वाळत घाला. बाबांना सांगा, ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं त्यांच्या वाट्याचं. पाजताना दुखत असेल तर आशाताईंना, अंगणवाडीताईंना किंवा पालिकेच्या दवाखान्यातल्या परिचारिकेला त्याच दिवशी दाखवा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका. बाळ सुस्त असेल, लघवी फार कमी होत असेल किंवा आईला ताप असेल तर थेट डॉक्टरांकडे न्या. आणि त्या आईला एवढं नक्की सांगा: ‘‘तुझं जमतंय. आम्ही आहोत.’’