जोड, ताप आणि वितळतार : विद्युत्-सुरक्षेच्या मराठी परिभाषेविषयी काही विचार

१

पारिभाषिक शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा कोशकाराच्या बाजूने होते. शब्द संस्कृतोद्भव असावा की देशी, इंग्रजी शब्द तसाच ठेवावा की त्याला पर्याय घडवावा, या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या वस्तूला नाव द्यावयाचे ती वस्तू काय करते, आणि दिलेल्या नावामुळे ती वापरणाऱ्याचा काही गैरसमज होतो काय, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो. प्रस्तुत लेखात एका अगदी लहान वस्तूच्या आधाराने हा प्रश्न विचारावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे विजेच्या दोन तारा जेथे एकत्र येतात तो जोड, आणि तो जोड वाजवीपेक्षा अधिक तापल्यास प्रवाह तोडणारी, जोडातच बसविलेली रक्षक योजना.

या विचाराला भिलाईची पार्श्वभूमी घेण्याचे कारण आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यासंबंधी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या वेळी दुर्ग जिल्ह्याचा कारभार ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषा नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला, भोपाळ राजधानी झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले तेव्हा भिलाई हिंदी राज्यात होती. २००० साली ती छत्तीसगढात आली. गाव हलले नाही, परंतु त्याच्या कारभाराची भाषा आणि राजधानी बदलत गेली. कारखान्यात छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, बंगाली, मल्याळम, पंजाबी बोलणाऱ्यांबरोबर मराठी कुटुंबेही आली. येथील मराठी माणूस घरी मराठी बोलतो, पाटीवर हिंदी वाचतो आणि यंत्रावर इंग्रजी. तेव्हा तीन परिभाषा एकमेकींवर कशा आदळतात हे पाहण्यास यापेक्षा सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल.

२

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. संवाहकातून प्रवाह वाहिला की उष्णता निर्माण होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हा नियम जूल याने १८४१ मध्ये मांडला. अखंड तारेचा रोध फार थोडा असतो. जोडाचे तसे नाही. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी प्रत्यक्षात ते मोजक्याच बिंदूंवर टेकलेले असतात आणि सर्व प्रवाह त्या बिंदूंतून जातो. स्क्रू सैल असेल, पृष्ठभागावर गंज वा ऑक्साइडाचा थर असेल, तर हे बिंदू आणखी कमी होतात आणि रोध वाढतो.

एक साधे गणित घेऊ. २३० व्होल्ट दाबावर १० अँपिअर प्रवाह घेणारे पाणी तापविण्याचे उपकरण आहे. त्याचा रोध २३ ओहम. चांगल्या जोडाचा रोध ०.००१ ओहम धरला, तर त्या जोडात निर्माण होणारी उष्णता ०.१ वॅट, म्हणजे नगण्य. आता तोच जोड सैल होऊन त्याचा रोध ०.२ ओहम झाला असे समजा. एकूण रोध २३.२ ओहम झाला आणि प्रवाह १० वरून सुमारे ९.९ अँपिअरवर आला. उपकरण पूर्वीसारखेच चालते, घरच्यांना काहीही जाणवत नाही. परंतु त्या सुपारीएवढ्या जागेत आता सुमारे २० वॅट उष्णता अखंड निर्माण होत आहे. डाख देण्याचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोक्याची कल्पना येईल. सामान्य पीव्हीसी आवरणाच्या तारेला ७० अंश सेल्सिअसपर्यंतच तापू द्यावयाचे असते. छत्तीसगढात व विदर्भात मे महिन्यात सावलीतील हवाच ४५ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे जोडाच्या वाट्याला अवघ्या २५ अंशांची सवलत उरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कूलर दिवसरात्र चालू असतात.

येथे मुख्य मुद्दा असा की, प्रवाह वाढलेलाच नाही, उलट किंचित घटला आहे. म्हणून १५ अँपिअरची वितळतार अथवा तिच्या जागी आलेला स्वयंचलित खंडक या प्रसंगी स्वस्थ बसून राहतो. त्यात बिघाड नसतो. त्याला प्रवाहावर पहारा ठेवण्यास सांगितले आहे, तापमानावर नव्हे.

अ‍ॅल्युमिनियमच्या तारांनी हा प्रश्न अधिक बिकट केला. तांबे महाग व दुर्मिळ असल्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे घरोघर अ‍ॅल्युमिनियमची तार वापरली गेली. छत्तीसगढातीलच कोरबा हे पुढे या धातूचे मोठे केंद्र झाले. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक प्रसरण पावते, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि हवेत त्यावर तत्काळ रोधक ऑक्साइडाचा थर चढतो. प्रत्येक उन्हाळ्यात जोड थोडा अधिक सैल होतो. अमेरिकेत १९७२ पूर्वीच्या अ‍ॅल्युमिनियम तारांच्या घरांमध्ये एखादा तरी जोड आगीच्या अवस्थेला पोहोचण्याचा संभव तांब्याच्या घरांच्या ५५ पट असल्याचे तेथील ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने नमूद केले आहे.

३

यावर उपाय एकच : पहारेकरी जोडाजवळच बसविणे. असे तापरक्षक जोड मुख्यतः तीन तत्त्वांवर काम करतात.

पहिला प्रकार वितळण्याचा. ठराविक तापमानाला वितळणारी मिश्रधातूची वा सेंद्रिय पदार्थाची गोळी एका स्प्रिंगला दाबून धरते. गोळी वितळली की स्प्रिंग सुटते व संपर्क तुटतो. हा रक्षक एकदाच कामास येतो. दुसरा प्रकार द्विधातु-पट्टीचा. कमी व अधिक प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या एकजीव केल्या की तापताच पट्टी वाकते आणि संपर्क सोडते. गिलोम याने १८९६ मध्ये शोधलेली इन्व्हार ही जवळजवळ प्रसरण न पावणारी मिश्रधातू येथे उपयोगी पडते. तिच्याच संशोधनाबद्दल त्याला १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. इस्त्रीत व गीझरमध्ये हीच पट्टी असते. तिसऱ्या प्रकारात बेरियम टायटॅनेटासारख्या पदार्थाचा तुकडा असतो. ठराविक तापमानापलीकडे, शुद्ध पदार्थात सुमारे १२० अंशांच्या वर, त्याचा रोध एकदम अनेक पटींनी वाढतो आणि प्रवाह गुदमरतो.

अलीकडे घरच्या प्लगवर रात्रभर विद्युत् मोटार भारित करण्याची प्रथा सुरू झाल्यापासून या योजनेला नवे महत्त्व आले आहे. तासन् तास मोठा प्रवाह एकाच जोडातून जात असल्यामुळे अशा अनेक केबलींच्या प्लगमध्येच तापमापक बसविलेला असतो. प्लग तापू लागला की प्रवाह कमी केला जातो किंवा तोडला जातो.

४

आता शब्दांकडे वळू. महाराष्ट्र राज्याची स्थापना १९६० मध्ये झाल्यावर त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषानिर्मितीचे कार्य पद्धतशीर सुरू झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याही आधी नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून शब्द घडविण्याचा प्रचंड उद्योग आरंभिला होता. या परंपरांमुळे विद्युत्-शास्त्र मराठीत लिहिता येऊ लागले, हे ऋण मोठे आहे. पुढील तक्रार त्या ऋणाची जाणीव ठेवूनच केली आहे.

‘वितळतार’ हा शब्द पाहा. सुटसुटीत, देशी आणि उच्चारास सोपा असा हा शब्द आहे. परंतु तो घटनेचे शेवटचे दृश्य सांगतो, कारण सांगत नाही. तार वितळते ती स्वतःतून गेलेल्या अतिरिक्त प्रवाहाने. तापरक्षक जोडातील गोळी वितळते ती शेजारच्या उष्णतेने. दोहोंना एकच नाव दिले, की दोहोंची दुरुस्तीही एकच समजली जाते. बोलीत तर दोन्ही वेळा ‘फ्यूज उडाला’ असेच म्हणतात. मग नवी गोळी न बसविता तेथे तारेचा तुकडा जोडून काम भागविले जाते, आणि जेथे पहारेकरी होता तेथेच पहारा उठतो.

दुसरा शब्द ‘ताप’. हिंदी शास्त्रीय परिभाषेत ‘ताप’ म्हणजे तापमान आणि ‘ऊष्मा’ म्हणजे उष्णता. मराठी माणसाच्या मनात ‘ताप’ म्हटले की प्रथम अंगातला ज्वर येतो, नंतर मनस्ताप. भिलाईसारख्या ठिकाणी हिंदी पाटी वाचणाऱ्या मराठी कामगाराला ‘ताप ७०’ हे अक्षरशः कळते, पण ती मोजावयाची मर्यादा आहे हे चटकन जाणवतेच असे नाही. समान लिपी आणि समान शब्द यांमुळे भाषांतराची गरजच भासत नाही. खरी अडचण तीच आहे.

तिसरा शब्द सर्वांत धोक्याचा : ‘बंद’. पाठ्यपुस्तकात ‘बंद परिपथ’ म्हणजे ज्यातून प्रवाह वाहतो तो पूर्ण परिपथ. घरात व कारखान्यात ‘बंद’ म्हणजे वीज नसलेला. हिंदीतही हीच अडचण आहे. एकच शब्द, दोन उलट अर्थ, आणि मध्ये माणसाचा हात. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या रक्षकात तर प्रवाह पूर्ण तुटतच नाही, थोडासा झिरपत राहतो. उपकरण ‘बंद पडले’ म्हणून जोड उघडणाऱ्याला हे कोणत्या शब्दाने सांगावयाचे?

चौथा शब्द वृत्तपत्रांचा : ‘शॉर्टसर्किट’. कोणतीही आग लागली की कारण म्हणून हा शब्द येतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० अर्भके दगावली. भंडारा हे नागपूरहून भिलाईकडे जाताना लागणारे जिल्ह्याचे गाव. पहिल्याच बातम्यांत शॉर्टसर्किट हा शब्द आला. पुढे चौकशी समितीने शिशूंना ऊब देणाऱ्या यंत्राच्या नियंत्रण-पॅनेलमधील ठिणगीकडे निर्देश केला. त्या दुर्घटनेचे तांत्रिक निदान करणे हा या लेखाचा विषय नाही. एवढेच म्हणावयाचे की, ‘शॉर्टसर्किट’ म्हणजे दोन तारांचा नको तेथे झालेला संपर्क. सैल जोड म्हणजे हवा तेथे नीट न झालेला संपर्क. दोन्ही घटना परस्परविरुद्ध आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. ज्या कारणाला भाषेत नाव नाही ते कारण शोधण्यास कोणी जात नाही.

५

यावरून परिभाषेसाठी एक साधा निकष सुचविता येईल : रक्षक साधनाच्या नावात ते कशावर पहारा ठेवते हे यावे. या निकषाने प्रवाहावर पहारा ठेवणाऱ्यास ‘प्रवाहरक्षक’ आणि तापमानावर पहारा ठेवणाऱ्यास ‘तापमानरक्षक’ म्हणता येईल. ‘वितळतार’ हा शब्द पहिल्यापुरता राखावा. कनेक्टरसाठी ‘संयोजक’ कोशात खुशाल असो, कारागिराच्या तोंडचा ‘जोड’ त्याहून समर्थ आहे, कारण त्याच्याबरोबर ‘सैल जोड’, ‘पक्का जोड’, ‘जोड तापला’ असे सारे कुटुंब आपोआप येते. ‘बंद परिपथ’ ऐवजी ‘पूर्ण परिपथ’ लिहिण्यास कोणतीच अडचण नाही. तो शब्द उपलब्ध आहेच.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी या गोष्टी वैज्ञानिकांच्या म्हणून बाजूस ठेवू नयेत. कवितेतील शब्दाची दुहेरी अर्थच्छटा आपण गुण म्हणून वाखाणतो, आणि ते योग्यच आहे. जोडावर लिहिलेल्या सूचनेत मात्र ती छटा दोष ठरते. भिलाईत हिंदी, मराठी आणि छत्तीसगढी बोलणारे तीन कामगार एकाच पॅनेलसमोर उभे असतात, तेव्हा त्या तिघांनाही एकच अर्थ कळेल असा शब्द शोधणे हे कोशकाराइतकेच भाषाभ्यासकाचेही काम आहे.