ड्रोनचा धंदा : आधी कागद, मग यंत्र

पिंजाऱ्याची धनुकली थांबली ती कापूस संपला म्हणून नव्हे, यंत्र आले म्हणून. ज्यांनी वेळीच यंत्र बसवले त्यांचे गाद्यांचे दुकान चालू राहिले. आता ड्रोन आला आहे. कोडोलीच्या आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी त्याकडे लग्नातली हौस म्हणून न पाहता धंदा म्हणून पाहावे, असे आम्हाला वाटते.

या भागाला नवे तंत्र अपरिचित नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक पोचवण्याची योजना आली आणि उसाच्या नोंदी गावातच पाहण्याची सोय झाली. आज त्याच उसात ड्रोनला काम आहे. ऊस डोक्यावर गेला की पाठीवर पंप घेऊन सरीत शिरणे कठीण. पात्याने अंग कापते, औषध तोंडावर येते. १० लिटर टाकीचा ड्रोन एक एकर साधारण ७ ते १० मिनिटांत फवारतो.

फवारणीपुरताच हा विषय नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते व घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. गावठाणात घर-दुकान असणाऱ्याला बँकेकडे जाताना हा कागद उपयोगी पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने लस पोचवली गेली.

मात्र उत्साहात पैसे अडकवू नयेत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. पैसे घेऊन काम करायचे, मग ते लग्नाचे चित्रीकरण का असेना, तर २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनसाठी चालकाचे प्रमाणपत्र हवे. त्यासाठी दहावी पास व वय १८ ते ६५ ही अट असून मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण घ्यावे लागते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. कोणी 'स्वस्तात परदेशी माल' देऊ लागला तर नोंदणीचे कागद आधी मागा. कागद नसेल तर ते यंत्र कपाटातच पडून राहील.

हिशेबही नीट मांडावा. बॅटरी काही मिनिटांतच उतरते. म्हणून जादा संच, चार्जर आणि शेतात विजेची सोय हा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. बॅटरी झिजते, पाती तुटतात, विम्याचा हप्ता असतो. फवारणीचा हंगामही बारमाही नाही.

म्हणून आमचा सल्ला असा की, प्रत्येकाने ड्रोन विकत घेण्याची गरज नाही. सरकारने २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, तेव्हा चालक महिलेबरोबर दुरुस्ती जाणणाऱ्या मदतनिसाच्या प्रशिक्षणाचीही तरतूद केली. दुरुस्तीशिवाय हे यंत्र चालत नाही, हे सरकारनेही ओळखले आहे. मोटार वाइंडिंग करणारा, मोबाईल दुरुस्त करणारा, वायरमन, फिटर, ही मंडळी आपल्यात कमी नाहीत. घरातल्या एका होतकरू मुलाला किंवा मुलीला हे शिक्षण द्या. ड्रोन दुसऱ्याचा असला तरी हात आपला असेल, आणि कारागिराचे खरे भांडवल तेच आहे.