हळदीची झळाळी आणि शिशाचा धोका

मिरज तालुक्यात हळदीचा व्यवहार जुना आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरची हळदीची पेवे सर्वश्रुत आहेत. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हा लौकिक हळकुंडाच्या अंगच्या गुणांवर उभा आहे, वरून चढविलेल्या रंगावर नव्हे.

शिजवून वाळविलेली हळद पिंपात घोळली म्हणजे तिची साल निघते व मूळचा रंग उजळतो. भिजलेला वा अर्धवट वाळलेला माल मात्र फिका राहतो आणि तेथेच रंगाचा मोह पडतो. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुराने निस्तेज झालेली हळद उठावदार दिसावी म्हणून ‘लेड क्रोमेट’ हा पिवळा रंग वापरण्याची प्रथा पडली. या रंगात वजनाने सुमारे ६४ टक्के शिसे असते. आपल्याकडे हळदीत त्याचा अंशही असणे कायद्याने वर्ज्य आहे.

हे विष खाणाऱ्याच्या आधी पॉलिश करणाऱ्या मजुराच्या अंगात भिनते. पिंप फिरू लागले की धूळ श्वासावाटे आत जाते. न धुतलेल्या हाताने भाकरी खाल्ल्यास वा तंबाखू मळल्यास ती पोटात जाते. शिसे हाडांत साठते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा व रक्तक्षय ही लक्षणे पुष्कळदा उशिरा दिसतात. कपड्यांवरून धूळ घरी गेली तर मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. हळद पूर्ण वाळल्यावरच पॉलिश करावी. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला पाहिजे.
२. निनावी पिवळी पूड कामाच्या जागी येऊ देऊ नये.
३. संशय असल्यास पिंप थांबवावे. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने जागा पुसावी. धूळ रोखण्यास साधा रुमाल पुरत नाही.
४. खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. कामाचे कपडे निराळे ठेवावेत व वेगळे धुवावेत.
५. वरील लक्षणे दिसल्यास डॉक्टरांस कामाचे स्वरूप सांगून रक्तातील शिशाची तपासणी करवावी.

बांगलादेशात २०१९ पासून तपासणी, दंड व लोकशिक्षण यांची जोड दिली गेली. शिसे आढळणाऱ्या बाजारातील नमुन्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले आणि गिरणी-कामगारांच्या रक्तातील शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी घटले. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच ही माहिती प्रत्येक पॉलिश केंद्रावर पोहोचवावी. व्यापाऱ्याने रंगासाठी आग्रह धरला तरी शेतकऱ्याने आपला माल व आपले मजूर दोन्ही राखावेत.