स्ट्रेचर दिसलं म्हणजे पाय गेले?

मार्च 2025 मध्ये अंतराळवीर सुनीता विल्यम्स अवकाश स्थानकावरून परतून फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ उतरल्या, त्यांना स्ट्रेचरवरून नेलं गेलं, आणि तेव्हापासून आपल्याकडे घरोघरी निदानं चालू आहेत. ‘286 दिवस वर राहिल्या, पायातलं बळच गेलं.’ ‘स्नायू विरघळले.’ ‘आता रांगण्यापासून सुरुवात.’ हे सगळं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी त्या दिवशीचं चित्रीकरण पुढे पाहिलेलं दिसत नाही. त्याच यानातून आलेले निक हेग आणि अलेक्सांद्र गोर्बुनोव वर सहा महिनेसुद्धा नव्हते. त्यांनाही स्ट्रेचरवरच घेतलं. ती खबरदारी असते, वैद्यकीय निकाल नव्हे.

मग उतरल्या उतरल्या माणूस लटपटतो कशाने? मुख्यतः कानाने. आंतरकर्णात कॅल्शियमचे बारीक कण असतात. आपण डोकं कलवलं की ते वजनाने सरकतात आणि खाली कुठे आहे हे मेंदूला कळतं. वजनरहित अवस्थेत ही खबर येईनाशी होते. काही दिवसांत मेंदू तिच्यावर विसंबणं सोडतो आणि डोळ्यांवर भर देतो. परतल्यावर खबर एकदम पुन्हा सुरू होते आणि मेंदूचा हिशेब चुकतो. मान वळवली तरी गरगरतं, डोळे मिटून उभं राहिलं तर तोल जातो. शिवाय उभं राहताच रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब घसरतो, भोवळ येऊ शकते. यात पोटरीचा दोष किती? फारच थोडा. 1995 मध्ये अवकाशात सलग 437 दिवस राहून आलेले वालेरी पोल्याकोव यानापासून खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले होते.

स्नायूंना काहीच होत नाही, असं मात्र नाही. सहा-सहा महिने अवकाश स्थानकावर राहिलेल्या नऊ जणांच्या पोटऱ्या तपासणारा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आकार सरासरी 13 टक्के घटला होता, ताकदीचा जोर 32 टक्के. आकडे मोठे आहेत, पण ते पोटरीचे आहेत. उभं राहायला लागणारे पाय आणि पाठ झिजतात, हातांचं नुकसान बरंच कमी होतं. त्यानंतर व्यायामाची साधनं सुधारली. रोज दोनेक तास, पट्ट्यांनी बांधून घेऊन ट्रेडमिलवर धावणं आणि जोर लावून ओढण्याचे व्यायाम हा तिथला नेम आहे. याच विल्यम्सबाईंनी 2007 मध्ये तिथल्या ट्रेडमिलवर बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली होती, हे निदान करणाऱ्यांच्या गावीही नसतं.

‘प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात’ हा ‘पाय गेले’ या समजाचाच धाकटा भाऊ. 1998 च्या न्यूरोलॅब या अंतराळ मोहिमेत अंतराळवीरांना वरून सोडलेला चेंडू झेलायला सांगितलं. वजनरहित जागेत चेंडू वेग वाढवत नाही, एकाच वेगाने येतो. पण हाताचे स्नायू वेळेआधीच आवळले जात, कारण मेंदू अजून पृथ्वीच्याच हिशेबाने चेंडू वेग घेईल असं धरून चालला होता. म्हणजे उशीर नाही, उलट घाई. परतल्यावर उलटी गंमत. 2025 मध्ये स्थानकावरून आलेल्या शुभांशु शुक्लांनी लॅपटॉप तरंगेल अशा समजुतीने पलंगाच्या कडेला सोडून दिला. खाली गालिचा होता म्हणून निभावलं.

असेच आणखी दोन समज. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’: 400 किलोमीटरवर ते जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असतं, स्थानक आणि माणसं सतत एकत्र पडत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही. ‘गेलेले स्नायू परत येत नाहीत’: सरावाने येतात, बहुतेकांचे काही आठवड्यांत-महिन्यांत.

काळजीच करायची हौस असेल तर हाडांची करा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 17 अंतराळवीर होते. परतून वर्ष झालं तरी त्यांतल्या 9 जणांच्या नडगीच्या हाडाची घनता पूर्ण भरून आलेली नव्हती.