कागद बोलके करणारी लेखिका : इडा टार्बेल

शोधपत्रकार म्हटला की वेषांतर करून हिंडणारा, चोरवाटेने बातमी काढणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतील इडा मिनर्व्हा टार्बेल यांची गोष्ट निराळी आहे. ज्या लेखमालेने त्या देशातील सर्वांत बलाढ्य तेल कंपनीचे अंतरंग उघडे केले, तिच्यातील पुष्कळसा पुरावा सरकारी चौकशांच्या अहवालांत आणि न्यायालयांच्या दप्तरांत आधीच पडून होता. तो एकत्र लावून वाचण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नव्हते.

टार्बेलबाईंचा जन्म १८५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. दोनच वर्षांनी त्या भागात टायटसव्हिल येथे ड्रेक याने भूमीत नळ उतरवून खनिज तेल काढले आणि शेतीवर जगणाऱ्या त्या मुलखाचे रूप पालटले. वडील तेलासाठी लाकडी टाक्या बनवीत. पुढे ते स्वतःच तेलाच्या धंद्यात शिरले. बाई चौदा वर्षांच्या असताना, १८७२ मध्ये, या छोट्या व्यावसायिकांवर संकट कोसळले. 'साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी' या नावाखाली रेल्वे कंपन्या आणि निवडक तेलशुद्धीकरण कारखानदार यांनी एक गुप्त करार केला होता. वाहतुकीचे दर सर्वांना वाढवावयाचे, करारातील मंडळींना मात्र त्यातून सूट द्यावयाची. इतकेच नव्हे, तर बाहेरच्या प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातीलही वाटा त्यांच्याच पदरात टाकावयाचा. म्हणजे शेजाऱ्याने आपले पीप बाजारी धाडावे आणि त्याचा लाभ त्यालाच बुडवू पाहणाऱ्याने घ्यावा! बोभाटा होताच काही आठवड्यांत तो बेत मोडला आणि कंपनीची सनदही रद्द झाली. पण तेवढ्या अवधीत रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलने क्लीव्हलंड शहरातील बहुतेक कारखाने गिळून टाकले होते.

१८८० साली बाई अ‍ॅलेघनी कॉलेजातून पदवीधर झाल्या. त्यांच्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. मग ओहायोत दोन वर्षे शिक्षिकेचे काम केले. ग्रीक आणि लॅटिनपासून भूशास्त्र व वनस्पतिशास्त्रापर्यंत सारे त्यांनाच शिकवावे लागे. ही स्थिती आपल्या वाचकांना अपरिचित वाटू नये. काही वर्षे एका मासिकाच्या संपादनात घालविल्यावर १८९१ मध्ये त्यांनी पॅरिस गाठले. फ्रेंच राज्यक्रांतीतील मादाम रोलाँ यांचे चरित्र लिहावयाचे म्हणून त्या तेथील ग्रंथालयांत मूळ कागद वाचीत बसल्या. माझ्या मते त्यांची खरी जडणघडण तेथेच झाली. पुढे 'मॅक्ल्युअर्स' मासिकासाठी नेपोलियन आणि लिंकन यांची चरित्रे लिहिताना तीच सवय पक्की झाली. आपल्याकडे राजवाडे पेठापेठांतून आणि वाड्यांच्या माळ्यांवरून अस्सल पत्रे गोळा करीत होते, तो हाच काळ. मृत पेशव्यांच्या पत्रव्यवहाराला जी शिस्त लावावयाची, तीच या बाईंनी हयात कोट्यधीशाच्या व्यवहाराला लावली.

'स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास' नोव्हेंबर १९०२ पासून ऑक्टोबर १९०४ पर्यंत एकोणीस भागांत प्रसिद्ध झाला आणि १९०४ मध्येच दोन खंडांत ग्रंथरूप झाला. हे काम हाती घेऊ नये, ते लोक मासिक बुडवतील, असे वडिलांनी बजावले होते. १८७२ च्या कटाविषयी त्या वेळी एक पुस्तिका निघाली होती. कंपनीने तिच्या सर्व प्रती नाहीशा केल्या असे लोक म्हणत. ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडली. कंपनीचे एक श्रेष्ठ अधिकारी हेन्री रॉजर्स यांची मार्क ट्वेन यांच्या मध्यस्थीने गाठ पडली, आणि बाई सुमारे दोन वर्षे कंपनीच्याच कचेरीत जाऊन त्यांच्याशी कागदपत्रांची चर्चा करीत होत्या. आरोप छापण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकावयाचे, हा त्यांचा नेम होता. या भेटी थांबल्या त्याचे कारणही एक कागदच झाला. कंपनीत जुने कागद जाळण्याचे काम एका पोरसवदा नोकराकडे होते. त्यात त्याला आपल्या रविवारच्या धर्मशाळेतील गुरुजींचे नाव पुनःपुन्हा दिसले. हे गुरुजी कंपनीचे प्रतिस्पर्धी. त्यांचा माल केव्हा, कोठे जातो याची माहिती रेल्वेतून परस्पर कंपनीकडे येत होती. मुलाने ते कागद त्यांच्या हाती दिले आणि त्यांच्याकडून ते बाईंकडे आले.

टार्बेलबाईंनी कंपनीची कार्यक्षमता मोकळेपणाने मान्य केली आहे. तिच्या संघटनकौशल्यावर एक सबंध प्रकरण आहे. त्यांचा आक्षेप मोठेपणावर नव्हता, खेळाचे नियम मोडून मिळविलेल्या मोठेपणावर होता. अर्थात त्या सर्वस्वी तटस्थ होत्या असे म्हणवत नाही. त्यांचा भाऊ प्रतिस्पर्धी तेल कंपनीत अधिकारी होता, आणि १९०५ मध्ये रॉकफेलर यांचे जे व्यक्तिचित्र त्यांनी रेखाटले, त्यात त्यांच्या रुग्ण, केशहीन चेहऱ्यावर जे लिहिले ते न लिहिते तर बरे झाले असते. इतिहासात कागद बोलतात. येथे राग बोलला आहे.

१९०६ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अशा लेखकांना 'चिखल उकरणारे' असे नाव दिले. हे रूपक बन्यनच्या ज्या ग्रंथातले आहे, त्याचे मराठी भाषांतर हरि केशवजी यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते. बाईंना ते नाव रुचले नाही; त्या स्वतःला इतिहासकार मानीत. सर्वोच्च न्यायालयाने १९११ साली स्टँडर्ड ऑइलची चौतीस कंपन्यांत फाळणी केली. भागांच्या किमती चढल्या आणि रॉकफेलर पूर्वीपेक्षाही धनाढ्य झाले. बाईंनी पुढे पोलाद कंपनीच्या गॅरी यांचे चरित्र लिहिले, तेव्हा ते फार सौम्य झाल्याची टीका त्यांच्यावर झाली. ब्याऐंशीव्या वर्षी, १९३९ मध्ये, त्यांचे आत्मचरित्र निघाले. १९४४ च्या जानेवारीत त्या वारल्या. तेलाच्या इतिहासाचा तिसरा खंड लिहिण्याचा त्यांचा विचार होता. तो लिहून झाला नाही.