काळ्या जमिनीत पाया घालताना

विदर्भ-मराठवाड्यातील काळी जमीन कापसाला जितकी मानवते, तितकीच बांधकामाला छळते. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल इमारतीखाली सर्वत्र सारखी होत नाही, म्हणून भिंतींना तिरप्या भेगा जातात. नवल असे की, अधिक हाल होतात ते हलक्या, बैठ्या इमारतींचे. उंच इमारतीचे ओझे मातीचे फुगणे बरेचसे दाबून धरते. शाळा, वसतिगृहे आणि विहार बहुधा बैठेच असतात. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

काळ्या मातीचा थर उथळ असेल तर तो पूर्ण काढून मुरूम भरावा. मात्र मुरूम पातळ थरांनी पसरून, पाणी मारून, धुम्मस करून बसवला पाहिजे. नुसते ढीग ओतून त्यावर जोते उभारणे ही बचत नव्हे. वाळू भरण्याचा मोह टाळावा, कारण तिच्यातून पाणी सरळ खालच्या मातीत उतरते. थर खोल असेल तर वरच्या मातीत वजनाच्या साधारण ३ ते ६ टक्के चुना कालवतात. चुन्यातील कॅल्शियममुळे तिचे फुगणे घटते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखे रुंद होणारे काँक्रीटचे खांब मातीला न सुधारताच, ओलावा फारसा न बदलणाऱ्या खोलीपर्यंत भार नेतात.

उपाय कोणताही असो, जोत्याभोवती बाहेर उतरती फरसबंदी हवीच. वसतिगृहात तर न्हाणीघराचे पाणी बाराही महिने वाहते. त्याची मोरी पायापासून दूर न्यावी.