रास्पबेरी पायवरील संगीतवादक : आवाज येत नसल्यास काय तपासावे

वडीलधाऱ्यांच्या आवाजातील गाणी, ओव्या, घरगुती मैफली अशा जुन्या ध्वनिफिती संगणकात उतरवून ठेवण्याचे काम अनेक घरांत झाले आहे. त्या रोज सहज ऐकता याव्यात म्हणून रास्पबेरी पाय हा एटीएम कार्डाएवढा संगणक सोयीचा ठरतो. २०१२ पासून तो विक्रीस आहे. त्यावर ‘म्युझिक प्लेअर डीमन’ म्हणजे एमपीडी ही विनामूल्य प्रणाली बसविली की गाणी त्या संगणकावर वाजतात आणि निवड मात्र फोनवरून करता येते. परंतु पहिल्याच दिवशी आवाज न आल्यास बरेच जण कार्ड पुसून सर्व काही नव्याने बसवितात. गाणी त्याच कार्डावर असतील तर तीही त्याबरोबर जातात. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी गाण्यांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्यानंतर पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. वीजपुरवठा : पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. फोनचा साधा चार्जर किंवा बारीक वायर वापरल्यास दाब उतरतो. तो सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की जोडलेल्या पडद्यावर विजेची खूण दिसते. हार्ड डिस्क जोडल्यावरच बिघाड होत असेल, तर पहिला संशय येथेच घ्यावा.

२. जुन्या सूचना : पुस्तकांत वा लेखांत दिलेल्या पायऱ्या कोणत्या वर्षीच्या आहेत ते पाहावे. ‘पाय’ हे ठरावीक वापरकर्ता-नाव एप्रिल २०२२ पासून आपोआप तयार होत नाही; ते कार्ड तयार करतानाच आपण ठरवावयाचे असते. ‘कॉन्फिग’ ही मांडणीची फाइल पूर्वी ‘बूट’ फोल्डरात असे. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती त्यातील ‘फर्मवेअर’ या फोल्डरात आहे. जुन्या जागी केलेला बदल त्यामुळे लागू होत नाही.

३. आवाजाची वाट : पाय ४ ला हेडफोनचे छिद्र आहे, पाय ५ ला नाही, तेथे यूएसबी ध्वनिकार्ड किंवा तत्सम साधन जोडावे लागते. ‘एप्ले’ ही आज्ञा ‘एल’ या पर्यायासह दिल्यास उपलब्ध ध्वनिसाधनांची यादी दिसते. आपले साधन यादीत नसेल, तर एमपीडीत कितीही बदल केले तरी उपयोग होणार नाही. साधन दिसत असल्यास ‘अल्सामिक्सर’ उघडून आवाज शून्यावर किंवा बंद तर नाही ना, ते पाहावे. नंतर एमपीडी थांबवून ‘स्पीकर-टेस्ट’ चालवावी. एमपीडीने साधन अडवून ठेवले असेल, तर ते दुसऱ्या प्रणालीस बहुधा मिळत नाही. या चाचणीत खरखर ऐकू आली, तर वायर आणि स्पीकर ठीक आहेत; दोष एमपीडीच्या मांडणीत आहे असे समजावे.

४. एमपीडीची मांडणी : साधनांचे क्रमांक संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून मांडणीच्या फाइलीत क्रमांकाऐवजी साधनाचे नाव लिहावे. गाण्यांची यादी रिकामी दिसत असेल तर परवानगी पाहावी. एमपीडी सहसा स्वतःच्या वेगळ्या वापरकर्ता-नावाने चालते. आपल्या खाजगी फोल्डरातील गाणी तिला वाचता येत नसतील, तर ती यादीत येत नाहीत. परवानगी दिल्यावर यादी अद्ययावत करण्याची आज्ञा देण्यास विसरू नये. गाणी वाजतात पण फोन जोडला जात नाही, अशा वेळी ऐकण्याचा पत्ता केवळ ‘लोकलहोस्ट’ ठेवलेला नाही ना, हे पाहावे. एमपीडीचा नेहमीचा पोर्ट ६६०० आहे.

एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहावा आणि मगच पुढे जावे. सर्व सुरळीत झाल्यावर संगणक रीतसर बंद करून कार्डाची पूर्ण प्रत काढावी. अचानक वीज गेल्यास कार्डावरील फाइली बिघडू शकतात. अशा वेळी ही प्रत उपयोगी पडते. ध्वनिसाधनाचे नाव, वापरकर्ता-नाव आणि गाण्यांची जागा लिहिलेला कागद यंत्राजवळ ठेवावा, म्हणजे हे काम जाणणारी व्यक्ती परगावी असली तरी घरातील इतरांना ते आवाज ऐकता येतील.